हिब्रू नामांचे लिंग आणि लघुरूप कसे ओळखावे

यवतमाळकडच्या खेड्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला टोपला–टोपली ही जोडी कोणी शिकवावी लागत नाही, आणि हिब्रू शिकताना हीच जाण कामी येते. मात्र हिब्रूत नपुंसकलिंग नसल्याने प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी धरावे. शेवटी ‘आ’ किंवा ‘त’ असल्यास नाम बहुधा स्त्रीलिंगी असते, परंतु ‘ईर’ (शहर), ‘एव्हेन’ (दगड) आणि ‘याद’ (हात) ही नामे अशी कोणतीही खूण नसताना स्त्रीलिंगीच आहेत, म्हणून ती सरळ पाठ करावीत. अनेकवचनावर तर मुळीच विसंबू नये: ‘शुलखान’ (टेबल) पुल्लिंगी असूनही त्याचे अनेकवचन ‘शुलखानोत’ असे स्त्रीलिंगी थाटाचे होते, आणि खरे लिंग ‘शुलखानोत ग्दोलीम’ (मोठी टेबले) यातील ‘ईम’ने संपणाऱ्या पुल्लिंगी विशेषणावरूनच कळते.

लघुरूपासाठी, म्हणजे वस्तूचा लहानपणा दाखवणाऱ्या रूपासाठी, पुल्लिंगी नामाला बहुधा ‘ओन’ लागतो व आतले स्वर बदलतात, जसे ‘सेफेर’ (पुस्तक) याचे ‘सिफ्रोन’. ‘ईत’ लागल्यास रूप स्त्रीलिंगी होते: ‘साक’ म्हणजे पोते, ‘साकीत’ म्हणजे पिशवी. कुत्र्याच्या पिल्लासाठी ‘केलेव्ह’मधील शेवटची व्यंजने पुन्हा घेऊन ‘क्लाव्हलाव्ह’ म्हणतात. आपले पिल्लू नपुंसकलिंगी असले तरी हे पुल्लिंगीच राहते.