ऑफर हाती आल्यावर पगाराची बोलणी कशी करावी

एचआरचा फोन येतो आणि ‘सीटीसी बारा लाख’ (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) असे सांगितले जाते, तेव्हा फोनवरच होकार देऊ नये. ‘सॅलरी ब्रेकअप ईमेलने पाठवा, दोन दिवसांत कळवतो,’ एवढेच म्हणावे आणि आलेला तक्ता कागद-पेन घेऊन वाचावा.

समजा, बेसिक (मूळ वेतन) निम्मे, म्हणजे 6 लाख आहे. कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) बेसिकच्या 12 टक्के दराने धरला, तर 72,000 रुपये होतात, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम) बेसिकच्या 4.81 टक्के दराने 28,860 होते. व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा, हमी नसलेला भाग) सीटीसीच्या 10 टक्के असेल, तर आणखी 1,20,000 बाजूला पडतात. उरलेल्या 9,79,140 रुपयांचे महिन्याला 81,595 होतात आणि त्यातूनही स्वतःच्या वाट्याचे पीएफचे 6,000 व महाराष्ट्रातील व्यवसाय कराचे 200 रुपये कापले जाऊन 75,395 हाती येतात. आयकर लागू असल्यास तो वेगळा. सध्याच्या पगाराशी तुलना या आकड्याची करावी, बारा लाखांची नव्हे.

कॅम्पसमधून होणाऱ्या मोठ्या भरतीत बहुधा सर्वांना एकच पॅकेज असते आणि समोरच्या एचआरला ते बदलण्याचा अधिकारच नसतो. तिथे रकमेवर घासाघीस करण्यात अर्थ नाही. बॉण्ड (नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, पोस्टिंग कोणत्या शहरात, जॉइनिंग कधी, हे मात्र लेखी विचारून घ्यावे.

अनुभवी सॉफ्टवेअर डेव्हलपरची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पदाला पगाराची पट्टी ठरलेली असली, तरी तिच्यात वर सरकायला बहुतेक वेळा जागा असते. निवड पक्की झाल्यानंतर आणि ऑफर स्वीकारण्यापूर्वी, या दोहोंमधल्या काळातच आपल्या शब्दाला सर्वाधिक वजन असते. घरकर्जाचा हप्ता हे कारण सांगू नये, काम सांगावे. ‘पेमेंट सर्व्हिसचे मायग्रेशन मी सांभाळले आहे, इथेही तीच जबाबदारी आहे, म्हणून फिक्स्ड पगार साडेअकरा लाख अपेक्षित आहे,’ असे म्हणून थांबावे. पुढचे शब्द समोरच्याला बोलू द्यावेत. आपणच घाईने आकडा खाली आणण्याची चूक फार जण करतात.

‘बजेट नाही’ असे उत्तर आले, तर व्हेरिएबलचा काही भाग फिक्स्डमध्ये घेता येईल का, नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडचा बायआउट (लवकर सुटण्यासाठी जुन्या कंपनीला द्यावी लागणारी रक्कम) नवी कंपनी देईल का, हे विचारावे. जॉइनिंग बोनस मिळत असेल, तर परतफेडीची अट शब्दन् शब्द वाचावी. मी ती वाचली नव्हती. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली, तेव्हा हाती कर कापून आलेला बोनस मला कराच्या रकमेसह पूर्ण परत करावा लागला.

मान्य झालेला प्रत्येक बदल सुधारित ऑफर लेटरमध्ये आला आहे, हे पाहावे आणि ते पत्र मिळेपर्यंत जुन्या कंपनीत राजीनामा देऊ नये.