उघडणाऱ्या पुलाचं टाइमटेबल: या चुका टाळा

सिएटलला राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात फ्रीमाँटच्या पुलाशी अडकलो. घंटा वाजली, लाल दिवे लागले, फाटक पडलं आणि समोरचा रस्ता चक्क उभा राहिला. रेल्वे फाटकाशी थांबायची सवय आपल्याला लहानपणापासूनच असते, पण तिथे निदान गाडी धडधडत जाते तरी, इथे काय तर एक शिडाची बोट, तिच्यात दोन आजोबा कॉफी पीत बसलेत, आणि बोट चाललीय रमतगमत. मी तेव्हा गाडीत बसून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग दोनेक वर्षांनी आमच्या एका मालवणी मित्राने जुनी शिडाची बोट विकत घेतली (बायकोला न विचारता, तो वेगळा विषय) आणि मी त्याच पुलाखालून जायला लागलो. त्यात माझं पोटापाण्याचं कामच सर्व्हरवरच्या रांगा सांभाळायचं, त्यामुळे हे पूल कधी उघडायचे, कधी नाही, याचा हळूहळू नादच लागला. पुलाचं वेळापत्रक लावणारे आणि पुलाशी थांबून चडफडणारे, दोघंही जवळपास त्याच त्या चुका करतात असं माझं मत झालंय.

आधी थोडं ठिकाण समजून घ्या. सिएटलच्या मधून एक कालवा जातो, एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला लेक वॉशिंग्टन. त्यावर उघडणारे चार पूल ओळीने: बॅलर्ड आणि फ्रीमाँट १९१७ चे, युनिव्हर्सिटी १९१९ चा, मॉन्टलेक १९२५ चा. फ्रीमाँट पाण्यापासून फक्त ३० फूट उंच, बाकीचे तिघे चाळिशीत. म्हणून फ्रीमाँटच सगळ्यात जास्त उघडतो, सरासरी दिवसाला ३५ वेळा वगैरे. जगातल्या सगळ्यात जास्त उघडणाऱ्या पुलांमध्ये त्याचं नाव घेतात.

चूक पहिली: पूल किती वेळ वर होता तेवढंच मोजायचं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सावकाश सांगतो. लोक म्हणतात चार-पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. बरोबर, पूल तेवढाच वेळ वर असतो. पण रांग तेवढ्यात संपत नाही ना.

समजा मिनिटाला १२ गाड्या येतायत आणि पूल खाली असताना मिनिटाला २० जाऊ शकतात. ५ मिनिटं पूल वर, म्हणजे ६० गाड्या थांबल्या. पूल खाली आला, आता २० जातायत पण १२ नव्या येतच आहेत, म्हणजे रांग मिनिटाला फक्त ८ ने कमी होते, ६० गाड्या संपायला साडेसात मिनिटं. ठीक आहे, सहन होतं. आता हेच संध्याकाळी करा, मिनिटाला १८ गाड्या येतायत. ५ मिनिटांत ९० थांबल्या, आणि रांग कमी होते मिनिटाला २ ने. किती वेळ? ४५ मिनिटं! पूल तोच, बोट तीच, उघडलाही तेवढाच वेळ. (आकडे मी समजायला सोपे घेतलेत, पण गणित असंच चालतं.)

म्हणून "दिवसातून किती वेळा उघडला" हा आकडा एकटा काही कामाचा नाही. तो कधी उघडला आणि मागची रांग संपली होती का, हे बघायचं. सकाळी साडेदहाला दहा वेळा उघडा हो, कोणाचं काही जात नाही.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे लागोपाठ दोन वेळा उघडणं. वरच्याच उदाहरणात, मिनिटाला १२ गाड्यांच्या वेळी पूल ५ मिनिटं उघडला, ५ मिनिटं खाली राहिला, आणि मागून दुसरी बोट आली म्हणून परत ५ मिनिटं वर. पहिल्या रांगेतल्या २० गाड्या अजून तिथेच, त्यांच्यावर आणखी ६०, सगळं मोकळं व्हायला सुरुवातीपासून २५ मिनिटं लागतात. त्यापेक्षा पहिल्याच खेपेला ७ मिनिटं उघडा ठेवून दोन्ही बोटी एकदम काढल्या तर साडेसतरा मिनिटांत रस्ता साफ. गाडीत बसलेल्याला वाटतं "बोट तर गेली, अजून पूल वर का?" आणि तो हॉर्न वाजवायला लागतो, पण ऑपरेटर बहुतेक वेळा त्याचंच भलं करत असतो. मीही वाजवलाय, खोटं कशाला बोलू.

चूक दुसरी: "गर्दीच्या वेळी सरळ बंद ठेवा की" म्हणून मोकळं व्हायचं

हे तर आधीच केलेलं आहे. बॅलर्ड, फ्रीमाँट आणि युनिव्हर्सिटी हे पूल सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ छोट्या बोटींसाठी उघडत नाहीत, सुट्टीचे दिवस सोडून. छोट्या म्हणजे १००० टनांच्या आतल्या. मोठं जहाज, किंवा मोठा बार्ज (मालाची सपाट बोट) ओढणारा टग, म्हणजे ओढणारी छोटी दणकट बोट, त्यांना ही बंदी नाही. याच्यावर लोक फार चिडतात की सव्वापाचला पूल उघडलाच कसा. पण टगमागे तो अवाढव्य धूड असताना त्याला काय सांगणार, बाबा जरा तासभर बाजूला लाव? तो बार्ज वाळू-खडीने भरलेला असतो, ती पाण्याने आली नाही तर ट्रकने येईल, आणि ते ट्रक कुठून जातील? याच रस्त्यांवरून!

खरी गोची वेगळीच आहे. बंदी ६ ला संपते, पण गर्दी ६ ला संपत नाही. दोन तास तुंबलेल्या बोटी पुलाच्या अलीकडे-पलीकडे गोल गोल फिरत असतात आणि सहाच्या ठोक्याला सगळ्यांना एकदम जायचं असतं. म्हणजे पाण्यावरची सगळ्यात लांब रांग आणि रस्त्यावरची उरलेली गर्दी बरोबर एकाच मिनिटाला आमनेसामने. बंदीची वेळ लावताना तिचा शेवट कुठे पडतो ते कोणी बघत नाही, सुरुवातीवरच सगळी चर्चा. बंदी सुटल्यावर पहिल्या खेपेला जमलेल्या सगळ्या बोटी एकत्र काढायच्या आणि नंतर थोडा वेळ पूल खालीच ठेवायचा, एवढं केलं तरी बराच फरक पडतो असं माझं निरीक्षण.

चूक तिसरी: एकच पूल डोळ्यासमोर ठेवायचा

समुद्राकडून येणारी बोट आधी बॅलर्डच्या लॉक्समधून येते. कालव्याचं पाणी समुद्रापेक्षा वर, त्यामुळे बोटींना एका हौदात घेऊन, पाणी भरून वर उचलतात आणि मग सोडतात. म्हणजे बोटी एकेक करून येतच नाहीत, सिनेमा सुटल्यासारखा घोळका बाहेर पडतो. तो घोळका आधी बॅलर्डला, तिथून अडीचेक किलोमीटरवर फ्रीमाँटला, मग युनिव्हर्सिटी, मग मॉन्टलेक. कालव्यात वेगाची मर्यादा ७ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर, साध्या शिडाच्या बोटीचं इंजिन तेवढंही करेलच असं नाही.

आता हिशोब करा. पावणेचारला बॅलर्डमधून निघालेली जोरातली बोट फ्रीमाँटला चारच्या दोनतीन मिनिटं आधी पोहोचते, तिच्या मागची हळू बोट चार वाजून दोन मिनिटांनी पोहोचते आणि अडकते सहा वाजेपर्यंत. दोन पुलांच्या मध्ये! म्हणजे बॅलर्डला तिच्यासाठी गाड्या थांबवल्या त्याचा बोटीला फायदा शून्य. तिन्ही पुलांना एकच घड्याळ लावलं की हे होणारच. बोट ज्या दिशेने जाते त्या दिशेने वेळा थोड्या सरकवत न्यायला पाहिजेत, आपल्याकडे मोठ्या रस्त्यावर एका सिग्नलवरून सुटलं की पुढचेही हिरवे मिळावेत अशी सोय करतात ना, तसं. (करतात म्हणे. मला कधी मिळाले नाहीत.)

शिकागोने हे वेगळ्या पद्धतीने सोडवलंय. तिथे वसंतात शिडाच्या बोटी यार्डातून तळ्याकडे जातात आणि हिवाळ्याआधी परत येतात, तर त्यासाठी ठरलेले दिवस असतात, साधारण बुधवार आणि शनिवार, बोटींचा तांडा निघतो आणि त्याच्यापुढे एकेक पूल क्रमाने उघडत जातो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये उंच डोलकाठीवाल्यांचा ताफा शहरातून रात्री जातो कारण मधला रेल्वेचा पूल रात्रीच उघडतो. पण हे हौशी बोटींना जमतं. रोजच्या मालाच्या बोटीला "बुधवारी ये" म्हणून कसं चालेल.

चूक चौथी: तासाला-अर्ध्या तासाला उघडा, विषय संपला

मायामीचा ब्रिकेल पूल दिवसा असा चालतो, तासाला आणि अर्ध्या तासाला, वर सकाळ, दुपार, संध्याकाळ बंदीच्या वेळा. सिएटलच्या मॉन्टलेकलाही दुपारी काही वेळ हाच नियम आहे. फायदा आहेच, गाडीवाल्याला आधीच कळतं आणि बोटी आपोआप गटाने जातात.

पण दोन गोष्टी विसरतात. एक, ऑफिस, शाळा, बस, सगळं तासाला आणि अर्ध्या तासालाच सुटतं. पूलही त्याच ठोक्याला उघडला तर आगीतून फुफाट्यात. दहा मिनिटं इकडेतिकडे केलं तरी चालतं की. दोन, बोटीला ब्रेक नसतो. हे मला वरून कधीच कळलं नव्हतं. मित्राच्या बोटीत पहिल्यांदा पुलापाशी वीस मिनिटं थांबलो, मागून वारा, बाजूला दुसऱ्या तीन बोटी, आणि हा आमचा तांडेल घामाघूम होऊन पुढे-मागे, पुढे-मागे करतोय. मी म्हटलं, "अरे थांब की एका जागी." तो म्हणाला, "बाबा रे, तूच उतर आणि धरून ठेव." जिथे भरती-ओहोटीची ओढ आहे तिथे तर आणखी वाईट. त्यामुळे ठरलेल्या वेळा लावायच्या तर बोटींना बांधून थांबायला जागा आधी द्या.

आता बोटवाल्यांच्या चुका, कारण सगळं खापर पुलावर फोडणंही बरोबर नाही. भोंगा नीट वाजवत नाहीत. अमेरिकेत नियम आहे: एक लांब (चार ते सहा सेकंद) आणि लगेच एक आखूड, म्हणजे "उघडा". पुलाने तोच परत दिला तर येतोय, पाच आखूड दिले तर आत्ता जमणार नाही, आणि ते पाच ऐकून पुढे दामटायचं नाही. सिएटलच्या या पुलांना रात्री ११ ते सकाळी ७ तासभर आधी कळवावं लागतं, हेही अनेकांना पुलाखाली पोहोचल्यावर आठवतं. आणि फारसा कोणाला माहीत नसलेला नियम, जो मला फार आवडतो: अँटेना, मासेमारीच्या काठ्या, असं जे खाली करता येतं आणि बोट चालवायला ज्याची गरज नाही, ते खाली करून बोट जात असेल तर पूल उघडायला सांगायचंच नाही. नुसत्या अँटेनासाठी शंभर गाड्या थांबवणं हा चक्क नियमभंग आहे.

"पण मुळात बोटीला आधी का?" हा प्रश्न प्रत्येक मराठी गेट-टुगेदरला येतोच. कारण पाण्याचा रस्ता आधीपासून होता, पूल त्याच्या आडवा आपण घातला. आणि गाडीला फिरून जायला दुसरा पूल आहे, बोटीला नाही. अमेरिकेत हे सगळं कोस्ट गार्डच्या अखत्यारीत येतं, शहराला मनाने वेळा बदलता येत नाहीत. लंडनच्या टॉवर ब्रिजला २४ तास आधी कळवलं की फुकटात उघडून देतात, वर्षाला ८०० वेळा वगैरे, आणि १९९७ मध्ये तर एका बार्जसाठी उघडला तेव्हा बिल क्लिंटनचा गाड्यांचा ताफा मधोमध तुटला होता. आपल्याकडेही हे होतं बरं का, हावड्याला आत्ताच्या पुलाआधी १८७४ चा तरंगता पूल होता, जहाजांसाठी मधला भाग बाजूला करायचे. १९०६ पर्यंत सगळं दिवसाच, त्यामुळे बैलगाड्यांची ही गर्दी. मग त्या जूनपासून बाकीची जहाजं रात्री सोडायला लागले आणि फक्त समुद्रावरच्या मोठ्या आगबोटी दिवसा ठेवल्या. शंभर वर्षांपूर्वीचं आहे, पण मला विचाराल तर सगळ्यात शहाणं वेळापत्रक तेच, कारण कोणाला खरंच दिवसाउजेडी जायला लागतं आणि कोणाला नाही, हे आधी वेगळं केलं.

चूक पाचवी: ट्रायल न घेता कायमचं बदलायचं

नियमात सोय आहे, नवीन वेळा १८० दिवसांपर्यंत तात्पुरत्या लावून बघता येतात, लोकांची मतं घेता येतात. ती वापरायची, पण नीट. जानेवारीत ट्रायल घेऊन "बघा, बोटवाल्यांची एकही तक्रार नाही" म्हणू नका, पावसात कुडकुडत कोण शीड उघडतंय. मे ते सप्टेंबर यायला पाहिजे त्यात. आणि मोजायचं काय ते आधी ठरवा: रांग संपायला लागलेला वेळ, बसला झालेला उशीर, बोटी किती थांबल्या. सायकलवाले आणि चालणारेही मोजा, फ्रीमाँटवर ते ढिगाने असतात.

आणि एक राहिलंच, उन्हाळा. कडक ऊन पडलं की लोखंड फुगतं आणि पुलाची दोन्ही कवाडं एकमेकांत घट्ट बसतात, उघडला तर मिटत नाही. म्हणून सिएटलला जुन्या पुलांवर पाणी मारून त्यांना गार करतात, अगदी अंगणात सडा घातल्यासारखं. त्या दिवशी वेळापत्रकात दहा मिनिटं जास्तीची धरून ठेवा.

सध्या आमचं असं चालतं: मित्र अडीचलाच निघतो, म्हणजे हळूहळू गेला तरी चारच्या आत शेवटचा पूल पार. मी ऑफिसातून सहा वीसच्या आधी निघत नाही. मध्येच कधीतरी तो फ्रीमाँटखाली असतो आणि मी वर फाटकाशी, मग फोन करतो आणि विचारतो, "मागे अजून किती जण आहेत रे?"