पीएच.डी.साठी गाइडचे पेपर कसे तपासावेत

दापोली, रत्नागिरी, सावंतवाडीकडच्या मुलांना मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएच.डी. करायची तर बहुतेकदा पुण्या-मुंबईच्या लॅबना ई-मेल धाडावे लागतात. धाडण्याआधी त्या गाइडचे पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध, निवांत बसून बघा. एकूण सायटेशन किती, म्हणजे त्यांच्या पेपरांचे दाखले दुसऱ्या पेपरांत किती वेळा आलेत, याला फार भुलू नका. ती कुठून आली हे शोधायचंय.

आधी माणूस तोच आहे ना, ते पक्कं करा. गूगल स्कॉलरवर (पेपर शोधायची गूगलची साइट) ‘एस. सावंत’ टाकलंत तर ढिगाने सावंत निघतील, शिवाय इंग्रजीत कुणी डब्ल्यू लावतं, कुणी व्ही. स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याचे पेपरही आपोआप येऊन बसतात. त्यावर उपाय ऑर्किड आयडी: प्रत्येक संशोधकाचा वेगळा 16 आकडी क्रमांक, 2012 पासून मिळणारा. अलीकडच्या पेपरवर तो बहुधा असतो.

मग एच-इंडेक्स, म्हणजे जितके पेपर तितकी तरी सायटेशन त्यातल्या प्रत्येकाला, असा मोठ्यात मोठा आकडा. 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. समजा एखाद्याच्या सहा पेपरांना 40, 22, 9, 5, 4 आणि 1 सायटेशन आहेत. निदान चार सायटेशन असलेले पेपर चार तरी आहेत, पण पाच सायटेशनवाले पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 4. हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, सहसा उतरत नाही. म्हणून स्कॉलरवरचा गेल्या पाच वर्षांचा रकानाही बघा.

खरा वेळ द्यायचा तो लेखकांच्या क्रमाला. या विषयात साधारणपणे पहिलं नाव ज्याने हाताने प्रयोग केले त्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. मधली नावं मदतनिसांची, मग मदत एका जेलची (डीएनए किंवा प्रथिनं वेगळी करायच्या छोट्या प्रयोगाची) असो की वर्षभराची. मोठ्या जीनोम प्रकल्पाच्या पेपरवर शेकडो नावं असतात आणि मधल्या कुणाच्याही खात्यात सगळी सायटेशन जमा होतात. त्यामुळे गाइड शेवटचे लेखक आहेत तेवढेच पेपर वेगळे काढा. पबमेड या जीवशास्त्र-वैद्यकाच्या पेपरांच्या सूचीच्या प्रगत शोधात तशी सोय आहे. आता त्यांवरची पहिली नावं वाचा. ती त्यांच्या विद्यार्थ्यांची आहेत का? लॅबमध्ये आल्यापासून पहिला पेपर यायला त्यांना किती वर्षं लागली? तुमच्या वाट्याला काय येणार, हे एच-इंडेक्सपेक्षा इथे जास्त कळतं.

पेपर कोणत्या जातीचा, तेही बघा. रिव्ह्यू (आधीच्या कामाचा आढावा) आणि पद्धतीचे पेपर सायटेशन ओढतात. प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा लोरी यांचा 1951 चा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा सायट झालाय. आणि हापूसमधल्या साक्यावरचा (आतला गर खराब होण्यावरचा) पेपर कर्करोगावरच्या पेपरशेजारी ठेवून मोजू नका. साक्यावर काम करणारेच मोजके, दाखला देणार कोण?

स्वतःच स्वतःला किती सायट केलंय ते स्कोपस या पेपर-सायटेशनच्या सूचीमध्ये वेगळं काढता येतं. तुमच्या कॉलेजने त्याचे पैसे भरले असतील तर. पेपर मागे घेतला गेलाय का, हे रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत फुकट कळतं.

एवढं झालं की त्यांचा एक ताजा पेपर पूर्ण वाचा, त्यातल्या एखाद्या आकृतीबद्दल नेमका प्रश्न काढा आणि ई-मेलची सुरुवात त्यानेच करा. त्यांचा एच-इंडेक्स त्यांना कळवायची गरज नाही, तो त्यांना तोंडपाठ असतो.