जुन्या गाडीतील पेट्रोलची गळती: उगम शोधणे आणि पाइप बदलणे

पेट्रोलचा थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असेल असे क्वचितच घडते. तो पाइपच्या अंगावरून ओघळत, पट्ट्या आणि बोल्टांची डोकी ओलांडत सर्वांत खालच्या जागी येऊन टपकतो. माझ्या गाडीखालचा डाग पाहून एका मिस्त्रीने थेट टाकी उतरवली होती. दोष निघाला टाकीच्या वरच्या, दोन बोटे लांबीच्या रबरी तुकड्यात.

आधी जागेचा विचार करावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचून राहते, आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून हे काम सोसायटीच्या इमारतीखाली न करता मोकळ्यावर, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर सकाळी करावे. ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी असावे आणि उजेडासाठी वायरचा बल्ब न घेता एलईडी टॉर्च वापरावा. पुण्यात बॉनेट उघडले की सल्ला द्यायला चारजण जमतातच. त्यांच्यापैकी कोणाच्या हातात सिगारेट नाही, एवढे मात्र पाहावे. पेट्रोल धारेने पडत असेल, तर गाडी सुरू करून गॅरेजपर्यंत नेऊ नये, टो करून न्यावी.

बारीक गळतीसाठी रात्री गाडीखाली वर्तमानपत्राची पाने पसरून ठेवावीत. इंजिन ऑइलचा डाग कागदावर तेलकट आणि पारदर्शक राहतो, तर पेट्रोलचा डाग लवकर सुकतो आणि मागे फिकट कडा व वास तेवढा उरतो. त्यानंतर टाकीपासून इंजिनापर्यंतचा सगळा पाइप, परतीच्या पाइपसह, फडक्याने कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उठते. ती जिथे संपते ते ठिकाण सोडून द्यावे आणि जिथे सुरू होते ते पाहावे.

गळती केव्हा होते, हेही बरेच सांगून जाते. टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल, तर संशय टाकीच्या तोंडाकडून येणाऱ्या जाड रबरी नळीवर आणि हवेच्या नळीवर घ्यावा. इंजिन चालू असतानाच थेंब येत असतील, तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा भाग तपासावा. मारुती ८०० च्या जुन्या मॉडेलसारख्या किंवा पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) गाड्यांत पंप यांत्रिक असतो आणि त्याचा पडदा फाटला, तर पेट्रोल बाहेर टपकते किंवा इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलेपर्यंत इंजिन चालवू नये. कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल आत येणे थांबवणारी सुई) अडकून तो ओसंडत असेल, तर तीही पाइपची गळती वाटते, हे ध्यानात असू द्यावे.

रबरी नळी वाकवून पाहिली की तिचे वय कळते: बाहेरच्या वळणावर टाचेच्या भेगांसारख्या बारीक चिरा उमटतात. उष्णतेने रबर कडक होतेच. त्यात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आहे आणि जुन्या प्रकारचे रबर त्याला नीट टिकत नाही. म्हणून एक तुकडा तडकला असेल, तर त्याच वयाच्या सगळ्या नळ्या एकदमच बदलाव्यात, असे माझे मत आहे.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत नळी मागताना जुना तुकडा सोबत न्यावा, म्हणजे आतला व्यास जुळतो, आणि ती इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालते का, हेही विचारावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब जेमतेम ३-४ पीएसआय (दाबाचे एकक) असतो, पण एमपीएफआय गाड्यांत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत, तो ४० पीएसआयच्या आसपास जातो. अशा गाडीला कमी दाबाची नळी लावणे धोक्याचे आहे. दुचाकीची पारदर्शक प्लास्टिक नळी तर कोणत्याच गाडीला लावू नये.

नळी काढण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून आतला दाब सोडावा. एमपीएफआय गाडीत पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी आणि सांडणारे पेट्रोल धातूच्या भांड्यात धरावे. नवी नळी ब्लेडने सरळ कापावी, धातूच्या पाइपवरच्या उंचवट्यापलीकडे सुमारे २५ मिलिमीटर सरकवावी आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवावी. क्लिप उंचवट्यावरच आवळली, तर नळी कापली जाते. पावसाळ्यातल्या चिखलाने पट्टीखाली गंजलेला धातूचा पाइप पुट्टी लावून बुजवू नये आणि त्या जागी तांब्याचा पाइपही घालू नये, कारण हादऱ्यांनी तांबे कडक होऊन तडकते. स्टीलचाच पाइप वाकवून, टोके फ्लेअर करून, म्हणजे बाहेर पसरवून घ्यावा.

सर्व जोडून झाल्यावर काढलेला फ्यूज आणि निगेटिव्ह तार लावून इंजिन दहा मिनिटे चालवावे, बंद करावे आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर टेकवून पाहावा. रात्री पुन्हा वर्तमानपत्र पसरावे, आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर क्लिपा एकदा हाताने तपासाव्यात, कारण नवे रबर दबून त्या थोड्या सैल होतात.