रात्रीच्या ट्रेकसाठी टॉर्च निवडताना

आधी हातातला की डोक्यावरचा, ते ठरवून टाका. चालायला हेडटॉर्चच हवा, दोन्ही हात मोकळे राहतात. हातातला टॉर्च लांबची खूण शोधायला, नाहीतर जादा म्हणून. एकच घेणार असाल तर हेडटॉर्च. यावर मी वाद घालत नाही.

मग ल्युमेन, म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. इथे भले भले फसतात, मीही फसलो. खोक्यावरचा भलामोठा आकडा बघून हातातला टॉर्च घेतला. पहिल्याच रात्री उतरणीवर समोरची झाडी लख्ख दिसली आणि मी खूश. तीन-चार मिनिटांत टॉर्च इतका तापला की रुमाल गुंडाळून धरावा लागला, आणि मग उजेड एकदम उतरला. बिघडला समजून मी दोनदा बंद-चालू केला. पुन्हा तेच. पुढची वाट सोबत्याच्या चिमुकल्या हेडटॉर्चमागे ठेचकाळत उतरलो.

बिघाड काहीच नव्हता. एलईडी फार तापू नये म्हणून आतलं सर्किटच उजेड कमी करतं. मुठीएवढ्या टॉर्चमध्ये १००० ल्युमेनची उष्णता जाणार कुठे? आकडा खरा असतो, पण काही मिनिटांपुरता.

दुसरी मेख ‘किती तास चालतो’ यात. एफएल १ या टॉर्च मोजण्याच्या मानकानुसार हा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत, आणि ‘सुरुवात’ म्हणजे चालू केल्यावर ३० सेकंदांनी असलेला उजेड. म्हणजे १००० ल्युमेनचा टॉर्च पाच मिनिटांत दीडशेवर आला आणि तिथेच पाच तास रेंगाळला, तरी ‘१००० ल्युमेन, ५ तास’ हे छापणं नियमात बसतं. म्हणून सगळ्यात वरचा मोड विसरा. मधल्या मोडचे ल्युमेन आणि तास बघा. पायवाटेला १०० ते २०० ल्युमेन पुरतात, तंबूत ५-१० सुद्धा भरपूर. वेळ आणि उजेडाचा आलेख मिळाला तर रेषा सपाट आहे का पाहा. पहिल्या मिनिटापासून घसरगुंडी दिसली तर तो टॉर्च नको.

घरी आणल्यावर डोळ्यांवर विसंबू नका. हळूहळू कमी होणारा उजेड डोळ्यांना कळतच नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मधल्या मोडवर छताकडे रोखून ठेवा, फोनच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर लॉक करा आणि दर पंधरा मिनिटांनी छताचा फोटो काढा. फोटो शेजारी शेजारी ठेवले की सगळं उघडं पडतं. ही खटपट नको वाटत असेल तर निदान परत करायची मुदत संपायच्या आत एकदा पूर्ण चार्ज उतरवून बघा.

झोत पसरट घ्या. ‘३०० मीटर फेक’ म्हणजे तेवढ्या अंतरावर पाव लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. त्यात पायाखालचा सुटा दगड दिसत नाही. धुक्यात हेडटॉर्च डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो. काढून कमरेजवळ धरा.

सेल बदलता येणारा हवा, आणि जादा सेल सोबत. टॉर्चमधल्या चार्ज होणाऱ्या सेलवर १८६५० लिहिलेलं असतं, म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब; त्यात ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपास मावतं. ९९०० लिहिलेला सेल सरळ खोटा. सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात टाकू नका, शॉर्ट होतो.

टॉर्च पाण्याला किती दाद देत नाही, ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. पावसाच्या शिंतोड्यांना आयपीएक्स ४ चालतं. ओढे ओलांडायचे असतील तर आयपीएक्स ७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

बटण हातमोजा घालून दाबून बघा. आणि लॉक आहे का ते नक्की पाहा. माझा टॉर्च एकदा सॅकमध्ये आपोआप चालू झाला. वर पोचेस्तोवर सेल रिकामा आणि शेजारच्या जॅकेटला भोक. तेव्हापासून निघताना मागचं झाकण पाव वळसा सैल करतो आणि बटण दाबून खात्री करतो, की तो पेटत नाहीये.