सजीवांचा वंशवृक्ष मांडताना या चुका टाळा

देवमासा हा मासा नव्हे, हे शाळेतच शिकवले जाते. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याला सस्तन प्राण्यांत बसवले होते. मात्र सस्तनांमध्ये त्याचा सर्वांत जवळचा आप्त कोण, या प्रश्नावर तज्ज्ञही दीर्घकाळ चकले. मेसोनिकिड या नामशेष मांसाहारी प्राण्यांचे त्रिकोणी दात आद्य देवमाशांच्या दातांशी जुळत, म्हणून त्यांच्यातच देवमाशांचे मूळ शोधले गेले. पुढे जनुकीय पुरावा पाणघोड्याकडे बोट दाखवू लागला आणि २००१ मध्ये पाकिस्तानातील सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशांच्या जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांच्या घोट्यातील हाड बकरीच्या हाडाप्रमाणे दोन्ही टोकांना कप्पीसारखे खाचदार होते, आणि ही तर समखुरी (सम संख्येचे खूर असलेल्या, बकरी-पाणघोड्यासारख्या) प्राण्यांची खूण! दात आहारानुसार बदलतात, त्यामुळे केवळ त्यांच्या साम्यावरून नाते जोडणे ही पहिली चूक होय.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिच्यात साम्य खरे असते. मगर आणि पाल या दोघींना चार पाय व खवले असतात, पण ही लक्षणे त्यांच्या फार जुन्या पूर्वजांपासून चालत आलेली असल्याने त्यांवरून जवळचे नाते ठरत नाही. मगर आणि पक्षी यांचा समाईक पूर्वज हा मगर आणि पाल यांच्या समाईक पूर्वजापेक्षा अलीकडचा आहे. म्हणून पक्ष्यांना वगळून केलेला ‘सरीसृप’ हा गट वंशाच्या दृष्टीने अपुरा राहतो. मगरीचे हृदय पक्ष्यांप्रमाणे चार कप्प्यांचे असते, हा पुरावा मात्र जपून वापरावा, कारण सस्तनांतही तसेच हृदय स्वतंत्रपणे विकसित झाले आहे.

एखादा अवयव नसणे हे गटाचे लक्षण मानू नये. कणा नाही म्हणून तारामासा आणि माकूळ (स्क्विड) ‘अपृष्ठवंशीय’ म्हणून एकत्र येतात, पण तारामाशाचे नाते माकुळापेक्षा आपल्याशी जवळचे आहे.

वंशवृक्ष वाचताना फांद्यांच्या टोकांचा क्रम पाहू नये, फाटे, म्हणजे समाईक पूर्वजापासून फांद्या जिथे वेगळ्या होतात त्या जागा, पाहावेत. बेडूक माशाशेजारी काढला काय आणि माणसाशेजारी काढला काय, फाटा तोच असेल तर नाते बदलत नाही. उजवीकडच्या टोकाला माणूस असतो, तो बहुधा चित्रकाराच्या सवयीमुळे.