म्हातारा कर्णधार लगेच विकू नका

फुटबॉल मॅनेजर २०२४ या फुटबॉल संघ चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये सोळा-सतरा वर्षांचं पोर गुणी असतं, पण प्रगती रखडते. पुष्कळदा अडचण पायात नसते, स्वभावात असते. अशा वेळी तेहतिशी ओलांडलेला खेळाडू कामी येतो.

१. त्याच्या माहितीत 'पर्सनॅलिटी', म्हणजे स्वभाव, बघा. 'मॉडेल प्रोफेशनल' किंवा 'प्रोफेशनल' (शिस्तीचा, मेहनती) असेल तर लॉटरीच. वेग गेला असला तरी ठेवा.

२. पोराला सीनियर संघात घ्या, कारण मेंटॉरिंग, म्हणजे जाणत्यांचा स्वभाव पोरात उतरवणं, तिथेच चालतं. सामन्यांसाठी मात्र त्याला १८ वर्षांखालील संघाला उपलब्ध ठेवा, नाहीतर बाकावरच गंजेल.

३. ट्रेनिंगमध्ये 'मेंटॉरिंग' उघडून गट करा. गटाला किमान तीन जण लागतात. दोन जाणते आणि एक पोर, हे माझं आवडतं गणित.

मग काही महिने गटाला हात लावू नका. फरक सावकाश पडतो, आणि दर आठवड्याला गट बदलणाऱ्यांचं काही होत नाही.

एवढं सांभाळा: वाण नाही पण गुण लागतो, तसं आळशी सीनियरचा आळसही पोराला लागतो. गोल कितीही केलेले असोत, असल्याला गटात घेऊ नका.